घोट्याच्या वर चार बोटे

मनुष्यदेहातील अवयवांची मानमान्यता पाहू गेल्यास डोळे, हृदय आणि मेंदू यांच्या वाट्यास जेवढी स्तुती आली तेवढी पायाच्या घोट्याच्या वाट्यास कधीच आलेली नाही. कवींनी चरणकमलांचे वर्णन केले, पैंजणांचेही केले. पण पैंजण ज्या हाडावर विसावते त्या हाडाची विचारपूस कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. वस्तुतः ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या आमच्या टापूत तरी घोट्यास कुलदैवताचा मान मिळावयास हरकत नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि तेव्हापासून इकडील माणसाचा दिवस रुळांवर बेतला गेला. आमचे आयुष्य रेल्वेवर चालते असे लोक म्हणतात. खरे पाहता ते पुलाच्या पायऱ्यांवर चालते. घरापासून रिक्षा, रिक्षेपासून पूल, पुलावरून फलाट आणि फलाटावरून डबा, अशा या नित्याच्या यात्रेत सारा भार ज्याच्यावर पडतो तो घोटा मात्र मोडल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही.

तो मोडला, अथवा त्याच्या थोडे वर नडगी मोडली, म्हणजे प्रसंग कठीण का होतो हे समजण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. वाचकांनी आपल्याच पायास हात लावून पाहावा. गुडघ्याच्या खाली, मागील बाजूस पोटरीच्या स्नायूंची चांगली जाड गादी आहे. हात खाली खाली नेला की ती गादी संपते, स्नायूंचे दोर होतात, आणि घोट्याच्या वर चार बोटे, आतल्या अंगास, बोट कातडीवर ठेवावे तो ते थेट हाडावरच टेकते. मध्ये मांस नाही, चरबीही नावापुरतीच. ज्या हाडाभोवती मांस थोडे, त्यास रक्ताचा पुरवठाही बेताचाच. म्हणून येथे हाड मोडले म्हणजे एकटे हाड मोडत नाही. त्यावरची पातळ कातडीही संकटात सापडते, आणि कातडीने दगा दिला तर उत्तम जोडलेले हाडही वाया जाण्याची भीती असते.

हे सारे ज्ञान आमच्या घरी गेल्या वर्षीच्या आषाढात आले. आमच्या वडील भगिनी, ज्यांना घरात सर्वजण अक्का म्हणतात, ठाण्याच्या एका शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवीत आल्या होत्या. डोंबिवलीहून सकाळची ठरलेली लोकल त्यांनी क्वचितच चुकविली असेल. निवृत्तीस एकच शालेय वर्ष उरले होते आणि दहावीचा शेवटचा वर्ग त्यांनी मागून घेतला होता. अशा ऐन उमेदीत एका सकाळी छत्र्यांच्या पाण्याने भिजलेल्या जिन्यावर त्यांचे पाऊल अडकले आणि देह वळला. बूड जागी राहून शेंडा फिरला म्हणजे ओल्या फांदीची जी गत होते तीच नडगीची झाली. क्ष-किरणांच्या चित्रात तिरकस, पिळवटलेली मोड घोट्याच्या वर चार बोटे स्पष्ट दिसत होती आणि तिची एक बारीक भेग सांध्याच्या दिशेने उतरली होती. अक्कांनी चित्र हातात घेऊन पाहिले आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, "मार्चपर्यंत उभी राहीन ना?" हा प्रश्न परीक्षेविषयी होता हे डॉक्टरांस कळावयास थोडा वेळ लागला.

आजाऱ्याच्या घरी सल्ल्यांची कधी वाण पडत नाही. मुरबाडच्या पलीकडे एक हाडवैद्य आहे, तो तेल चोळून, बांबूच्या कांबी बांधून महिन्याभरात माणूस चालता करतो, असे आमच्या मामांनी सांगितले. सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी अशा सल्ल्यास हसावे असा शिरस्ता आहे. पण आम्हांस तो पसंत नाही. ही विद्या निराधार खास नव्हती. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे बारा प्रकार आणि निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. मोडलेले अंग ताणावे, दाबून बसवावे, टोके एकमेकांस मिळवावी आणि मग बांधावे, हा क्रम तेथे आहे; औदुंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या सालींच्या कांबी आहेत; बंध सैल पडला तर हाड स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व कातडीचा पाक होतो, ही ताकीदही आहे. नडगी किंवा मांडी मोडली असता रोग्यास फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय निश्चल करावा असे सांगितले असून त्या शय्येस 'कपाटशयन' असे नाव आहे. पुढे ग्रंथ मागे पडला, हात तेवढे उरले, आणि हातांनी ताकीद विसरली. घट्ट बंधनाने रक्त कोंडून पाय गमावण्याची पाळी आजही कोणाकोणावर येते. अक्कांच्या मोडीत तर भेग सांध्याकडे गेलेली. तेथे चोळणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होते. मामांस आम्ही आदराने पण स्पष्टपणे नकार दिला.

येथे आम्हांस लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याची हकीकत आठवते. १७५६ साली हा गृहस्थ घोड्यावरून पडला आणि त्याची नडगी कातडी फोडून बाहेर आली. हाडाची टोके हलली तर घात होईल हे तो जाणत होता. म्हणून रस्त्यावर पडल्या पडल्याच त्याने एक दार विकत आणविले, त्यास दांडे ठोकविले आणि त्यावर निजून तो घरी गेला. सुश्रुताचे कपाट आणि पॉटचे दार यांत शतकानुशतकांचे आणि सात समुद्रांचे अंतर आहे, पण बुद्धी एकच. घरी पाय तोडण्याची हत्यारे सिद्ध झाली होती; इतक्यात त्याचे जुने गुरू नोर्स आले, त्यांनी पाय राखता येईल असे मत दिले, आणि पाय वाचला. त्या काळी उघड्या मोडीस पाय तोडणे हाच राजमार्ग होता. १८५२ मध्ये हॉलंडच्या माथाइसेन या लष्करी वैद्याने प्लॅस्टरची पट्टी प्रचारात आणली, १८९५ मध्ये रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले, आणि हाड न उघडता पाहण्याची व न कापता धरून ठेवण्याची सोय झाली. पण प्लॅस्टरमध्ये तिरकी मोड सरकते आणि महिनोन् महिने बांधलेला घोटा लाकडासारखा होतो, ही अडचण उरलीच.

तिच्यावर उपाय म्हणून हाड उघडून धातूची प्लेट व स्क्रू बसविण्याचे शास्त्र वाढले. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील म्युलर, आलगोव्हर, विलेनेगर, श्नायडर प्रभृती शल्यवैद्यांनी यासाठी एक मंडळ काढले. त्यांचे तंत्र पुढे जगभर पसरले. घोट्यानजीकच्या कठीण मोडींविषयी र्‍युडी व आलगोव्हर यांनी १९६९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते फार समाधानकारक होते. पण त्यांचे बहुतेक रोगी बर्फावर घसरून पडलेले होते. तीच पद्धत जेव्हा मोटारींच्या धडकांत आणि उंचीवरून पडून चुरा झालेल्या घोट्यांना लावण्यात आली तेव्हा अनेक ठिकाणी निराळाच अनुभव आला. सुजलेल्या पातळ कातडीत वीतभर छेद घ्यावा, हाडाचा एकेक तुकडा मोकळा करून चित्रातल्यासारखा जुळवावा, आणि मग टाके घालू गेल्यास कातडी मिटू नये. मिटली तर काळी पडावी. आणि हाड रक्तावाचून तसेच राहावे. चित्र सुंदर आणि पाय दुखणाईत, असा प्रकार झाला.

या अनुभवातून जो धडा मिळाला तो आम्हांस अक्कांच्या डॉक्टरांनी आंब्याच्या कलमाचा दाखला देऊन समजाविला. हाडावर एक पातळ आवरण असते; झाडास जशी साल तसे हाडास ते. फांदी मोडली तरी साल शाबूत असेल तर झाड तिला धरते. साल सोलून मग ती कितीही नीट जुळविली तरी ती वाळते. मोडीच्या जागी साचलेले रक्तही निरुपयोगी नसते. नव्या हाडाची पहिली माती तीच. तेव्हा तुकडे जुळविण्याच्या हौसेने साल सोलावयाची व माती खरवडून टाकावयाची हा तोट्याचा व्यवहार. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शल्यवैद्य या विचारास आले आणि मोडीची जागा न उघडता प्लेट बसविण्याची रीत रूढ झाली.

रीत अशी. पाय ओढून, वळवून, कातडीवरूनच हाडाची लांबी व रोख पूर्ववत करावयाचा; सुश्रुताचे ताणणे आणि दाबणे ते हेच. शेजारी इंग्रजी सी अक्षरासारखे क्ष-किरण यंत्र असते. त्याच्या पडद्यावर हाड दिसत राहते. मग आतल्या घोट्यापाशी दोन-तीन बोटांएवढा छेद घ्यावयाचा आणि त्यातून हाडाच्या आकाराने वळविलेली लांब, चपटी प्लेट कातडीच्या खाली व आवरणाच्या वर अलगद वर सरकवावयाची, नाडी ओवतात तशी. मोड तिच्या मध्यभागी येते. तिला कोणी हात लावीत नाही. वर आणि खाली नखाएवढ्या चिरांतून स्क्रू घालावयाचे. या स्क्रूंच्या माथ्यावरही आटे असतात; ते प्लेटच्या छिद्रातील आट्यांत घट्ट बसतात. त्यामुळे प्लेट हाडावर आवळून धरावी लागत नाही आणि आवरण चेपत नाही. ती मोडीवरून टाकलेल्या पुलासारखी दोन्ही बाजूंचा भार पेलते, आणि पुलाखालून रक्ताचा प्रवाह चालू राहतो.

ऐकावयास हे फार सुटसुटीत वाटते. परंतु यात दोष नाहीत असे नाही. मोड डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे पाऊल किंचित वळून जुळण्याचा संभव राहतो. आतल्या अंगास जी शीर आणि जो ज्ञानतंतू चालतो तो सांभाळावा लागतो. सांधा आतून विस्कटला असेल तर तो उघडल्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय दुसराही मार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुढे आलेली, हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची पद्धत आता घोट्याजवळच्या मोडींसही वापरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत अशा ३२१ रोग्यांपैकी काहींस सळई व काहींस प्लेट बसवून तुलना करण्यात आली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या पंगुत्वात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आम्हांसही दोन शल्यवैद्यांकडून दोन मते मिळाली. मोड फार खाली असल्याने सळईस तेथे पकड थोडी मिळेल आणि ती भेग अधिक उकलेल, हे प्लेटवाल्यांचे म्हणणे आम्हांस पटले. ज्यांची मोड आणखी वर असेल त्यांनी आमचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

घरातल्यांची खरी कसोटी शस्त्रक्रियेत लागली नाही. ती तिच्या आधीच्या नऊ दिवसांत लागली. पाय मोडला मंगळवारी. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि घोट्यावर पाण्याचे फोड आले होते. डॉक्टरांनी पाय अर्ध्या प्लॅस्टरमध्ये ठेवला, उशांवर उंच केला आणि सांगितले की, कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत आपण थांबणार. फार चुरा झालेल्या पायास या मुदतीत बाहेरून सळ्यांची चौकट लावून ताण देतात. हाडात तारा ओवून बसविण्याची अशी एक चौकट मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी सिद्ध केलेली असून ती 'जेस' या नावाने प्रसिद्ध आहे. अक्कांस तिची गरज पडली नाही. पण "हाड मोडलेले आणि डॉक्टर स्वस्थ बसलेला" हे दृश्य नातलगांस सहन होईना. ठाण्याच्या काकूंनी तर दुसरा डॉक्टर पाहण्याची तयारी चालविली. उपचार म्हणजे काहीतरी करणे, ही समजूत आपल्या रक्तात इतकी मुरली आहे की जाणूनबुजून न करणे हाही उपचार असू शकतो हे सांगणाऱ्यास लोक एक तर आळशी समजतात किंवा लबाड. अक्का मात्र रोज सकाळी भिंग घेऊन आपल्या घोट्याचे निरीक्षण करीत. नवव्या दिवशी त्यांनीच जाहीर केले, "डॉक्टरांना सांगा, सुरकुत्या आल्या. या वयात सुरकुत्यांची वाट पाहणारी बाई मी पहिलीच असेन."

शस्त्रक्रिया दीड तासात आटोपली. घरी आल्यावर समाचारास येणाऱ्यांची रीघ लागली, आणि जो तो पायाकडे पाहून निराश होऊ लागला. घोट्यापाशी एक लहानशी चीर आणि वर नडगीवर दोन-तीन टिकल्यांएवढे व्रण, बस्स. "एवढेच कापले? आणि एवढे बिल?" असे एका शेजाऱ्यांनी उघडच विचारले. कापड मोजून घ्यावे तशी शस्त्रक्रिया छेदाच्या लांबीवर मोजण्याची ही वृत्ती आम्ही त्यानंतर पुष्कळ पाहिली. कमी कापण्यास अधिक शिकावे लागते, हे त्यांस सांगून पटत नव्हते.

परंतु हा गैरसमज केवळ पैशापुरता असता तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. खरा धोका पुढेच होता. छेद लहान, तेव्हा इजाही लहान, तेव्हा विश्रांतीही लहान, असा हिशेब लोक मनाशी करतात. "आमच्या साहेबांचा गुडघा बदलला, ते दुसऱ्याच दिवशी चालले, तुम्ही अजून वॉकर घेऊन एका पायावर?" असे ऐकून कोणाचाही धीर सुटावा. गुडघा बदलताना नवा भाग तेथल्या तेथे पक्का बसतो. येथे हाड अद्याप जुळावयाचे असते आणि प्लेट त्याच्या वाटणीचा भार केवळ उसना घेते. धातू वारंवार वाकत राहिला तर थकून मोडतो. तेव्हा हाड आधी जुळते की धातू आधी थकतो अशी ही शर्यत आहे, आणि उतावळेपणाने टेकलेले प्रत्येक पाऊल धातूच्या बाजूने पडते. छेद वीतभर असो वा बोटभर, हाड आपल्या पंचांगाप्रमाणेच चालते. अक्कांनी पहिल्या दिवसापासून बोटे व घोटा हलविण्याचा व्यायाम केला, पण सहा आठवडे पाऊल जमिनीस टेकविले नाही. गणपती आले तेव्हा त्यांनी आरती खुर्चीत बसून म्हटली. नवव्या आठवड्यापासून अर्धा भार, आणि तेराव्या आठवड्यात चित्रावर मोडीभोवती नव्या हाडाचा ढगासारखा पुंजका दिसला तेव्हा पुरा. दिवाळीच्या पहाटे, फडके रोडवर तरुण मंडळींची दाटी होण्यापूर्वी, त्या काठी घेऊन गणेशमंदिरापर्यंत जाऊन आल्या. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी त्या वर्गावर होत्या. मात्र सकाळची गाडी सोडून त्यांनी एक उशिराची, कमी गर्दीची गाडी पत्करली होती, आणि मुख्याध्यापकांनी त्यांचा वर्ग तळमजल्यावर आणविला होता.

या चार महिन्यांत शल्यवैद्याचे हात दीड तास चालले. बाकीचा काळ घराचे हात चालले. न्हाणीघरात स्टूल ठेवणे, पायपुसणी उचलून टाकणे, रात्री उठून वॉकर पुढे करणे, कॅल्शियमची गोळी आणि प्रोटीनचे वरण यांची आठवण ठेवणे, ही कामे बिलात येत नाहीत. ज्या घरी असे हात नाहीत, ज्याच्या पोटास रोज हातगाडी ओढावी लागते, त्याला सहा आठवडे पाय टेकू नको हे सांगणे सोपे. ते पाळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई अथवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांच्या दारात प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन बसलेली माणसे पाहिली म्हणजे आमच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. प्लेट मिळण्याची व्यवस्था सरकारी योजनेतून कदाचित होईल. पण चार महिन्यांची चूल कोणत्या योजनेतून पेटावी? लहान छेदाच्या विद्येने कातडीचे आणि हाडाचे पुष्कळ हित केले आहे. या प्रश्नास मात्र तिच्यापाशी उत्तर नाही, आणि ते तिच्याकडून मागणेही योग्य नाही. ते समाजाकडून मागावयास हवे.

अक्कांचा वर्ग मार्चमध्ये परीक्षेस बसला आणि मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. पाय पूर्वीसारखा झाला आहे असे आम्ही लिहिणार नाही. उकिडवे बसताना तो घोटा अडतो. थंडीच्या दिवसांत कातडीखालची प्लेट गार लागते, आणि चपलेचा पट्टा नेमका तिच्यावरच घासतो. हाड पुरते भरल्यावर, वर्ष-दीड वर्षाने, ती काढता येते असे डॉक्टर म्हणतात; न काढली तरी चालते असेही म्हणतात. काकूंचे मत ताबडतोब काढावी असे आहे, मामांचे मत मुळात घालावयासच नको होती असे आहे. अक्कांनी अद्याप काही ठरविलेले नाही. विचारावयास कोणी आलेच तर त्या पाय पुढे करून ती चीर दाखवितात आणि सांगतात, "हिच्या लांबीवर जाऊ नका. टाके दहा पडले होते. आठवडे सोळा लागले."